गो, वेंट, गॉन : ‘जाणे’ कधी कसे म्हणावे

इंग्रजीचे पान — इयत्ता चौथी



या महिन्याच्या भित्तिपत्रकात इंग्रजीचे पान माझ्याकडे आले आहे. मी एकच क्रियापद घेतले आहे. ते म्हणजे ‘गो’. गो म्हणजे जाणे. आपल्या गावात हे क्रियापद सगळ्यात जास्त चालते. एसटी जाते. शेळ्या रानात जातात. माणसे बाजाराला जातात. लाईट तर रोजच जाते. आणि दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला जातात.

टोळीबरोबर आपल्या शाळेतली काही मुलेही जातात. ती गेलेली असतात तेव्हा वर्गातले धडे पुढे सरकतात. इंग्रजीचा वर्तमानकाळ त्यांनी शिकलेला असतो आणि भूतकाळ राहून जातो. त्यांनी परत आल्यावर या भिंतीपाशी उभे राहून वाचले तरी सगळे समजावे, म्हणून हे पान लांब झाले आहे. बाईंनी सांगितले आहे की हे पान पाडव्यापर्यंत काढायचे नाही.

इंग्रजी वाक्ये मी मराठी अक्षरांत लिहिली आहेत. म्हणजे ज्यांना एबीसीडी येत नाही त्यांनाही वाचता येतील. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ते पाचवीपासून असायचे. म्हणून घरातली मोठी माणसे म्हणतात, “आम्हाला नाही बाबा येत.” पण एक गोष्ट त्यांनाही येते, आणि ती अर्धी लढाई आहे. काळ ओळखणे! ‘जातो’, ‘जातोय’, ‘गेला’, ‘गेलाय’, ‘गेला होता’, ‘जायचा’, ‘जाणार’, ‘जाईल’ यांतला फरक आपल्याला कोणी शिकवलेला नाही. तो बोलता बोलता आला आहे. इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला कोणते रूप लावतात, एवढेच आपण शिकायचे आहे.

१. गोची पाच रूपे

आधी ही पाच रूपे पाठ करा. पाढ्यासारखी म्हणा.

गो — गोज — गोइंग — वेंट — गॉन.

इंग्रजीतले ‘जाणे’चे सगळे काळ या पाच रूपांतून होतात. कधी ती एकटी येतात. कधी त्यांच्या पुढे मदतीला लहान शब्द येतात. ते शब्द म्हणजे ॲम, इज, आर, वॉज, वेअर, हॅव, हॅज, हॅड, विल, डू, डज, डिड. यांना सहायक म्हणतात. सहायक म्हणजे मदतनीस.

२. वेंट कुठून आले?

इंग्रजीत बरीच क्रियापदे नियमाने चालतात. वॉकचे वॉक्ड होते. प्लेचे प्लेड होते. मग गोचे ‘गोड’ का होत नाही? वेंट या शब्दात गोचे एकही अक्षर नाही. मग तो आला कुठून?

बाईंनी हे समजावून सांगितले. इंग्रजीत ‘वेंड’ नावाचे दुसरे एक क्रियापद आहे. त्याचाही अर्थ वाटेने जाणे असा आहे. सेंडचे सेंट होते, बेंडचे बेंट होते, लेंडचे लेंट होते, तसे वेंडचे पूर्वी वेंट होत असे. जुन्या इंग्रजीत गोचा भूतकाळ निराळाच होता. तो मागे पडला आणि लोक गोसाठी वेंडचेच वेंट वापरू लागले. साधारण पाचशे वर्षांपूर्वी हे पक्के झाले. वेंडकडून त्याचे वेंट गेले ते गेलेच. आता वेंडला स्वतःचा भूतकाळ ‘वेंडेड’ असा करावा लागतो.

कोणाला वाटेल, इंग्रजी भाषा किती वाकडी! पण आता आपल्या मराठीकडे बघा. जा या शब्दाचे ‘जातो’ होते, ‘जाईन’ होते. मग भूतकाळात ‘जाला’ व्हायला पाहिजे होते. आपण म्हणतो ‘गेला’. ‘गेला’मध्ये ‘जा’ कुठे आहे? कुठेच नाही. जा हे संस्कृतमधल्या ‘या’ या धातूपासून आले आहे. गेला हे ‘गत’ या शब्दापासून आले आहे, आणि गत हा शब्द ‘गम्’ या दुसऱ्या धातूचा आहे. हिंदीतही तसेच. ‘जाता है’ आणि ‘गया’. म्हणजे आपणसुद्धा भूतकाळ शेजारच्या घरून आणला आहे आणि तोही त्याच क्रियापदाचा!

असे का होते? जे शब्द रोज वापरात असतात त्यांची जुनी वाकडी रूपे टिकून राहतात, कारण लहान मुले ती नियम शिकायच्या आधीच ऐकून ऐकून शिकतात. घरातले लहान मूल ‘तो जाला’ म्हणाले तर सगळे हसतात आणि ‘गेला’ म्हणायला शिकवतात. इंग्रज मुलेही लहानपणी ‘गोड’ म्हणतात आणि मग वेंट शिकतात. तेव्हा घाबरू नका.

३. आनंदाची बातमी

मराठीत ‘गेला’ची रूपे मोजा. मी गेलो, मी गेले, तू गेलास, तू गेलीस, तो गेला, ती गेली, तुम्ही गेलात, त्या गेल्या. लिहिण्याच्या भाषेत आठ वेगवेगळी रूपे झाली. मुलगा आहे की मुलगी, एक आहे की अनेक, ते सगळे आपण क्रियापदातच सांगतो.

इंग्रजीत या आठांना मिळून एकच रूप आहे. वेंट! आय वेंट, यू वेंट, ही वेंट, शी वेंट, वी वेंट, दे वेंट. मुलाला वेगळे नाही, मुलीला वेगळे नाही.

वर्तमानकाळात आपण जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातात अशी सहा रूपे करतो. इंग्रजीत दोनच आहेत. गो आणि गोज. गोज हे फक्त ही, शी, इट यांना किंवा एकाच माणसाला, जनावराला, वस्तूला लागते. बाकी सगळ्यांना गो. म्हणजे पाठांतर आपल्या भाषेत जास्त आहे. आपण ते करून बसलो आहोत.

४. ‘जातो’ आणि ‘जातोय’

येथून काळ सुरू होतात. नीट वाचा.

रोज घडते, नेहमी घडते, ठरलेले आहे, त्याला साधा वर्तमानकाळ. यात मदतनीस लागत नाही.

मी रोज शाळेत जातो. — आय गो टू स्कूल एव्हरी डे.
आजी सोमवारी देवळात जाते. — ग्रँडमदर गोज टू द टेम्पल ऑन मंडे.
शेळ्या डोंगरावर जातात. — द गोट्स गो टू द हिल.

आत्ता, या घडीला चालले आहे, त्याला चालू वर्तमानकाळ. यात ॲम, इज किंवा आर आणि पुढे गोइंग.

मी शाळेत जात आहे. — आय ॲम गोइंग टू स्कूल.
शेळ्या डोंगरावर जात आहेत. — द गोट्स आर गोइंग टू द हिल.

ओळखायची खूण सोपी आहे. घरी बोलतो तसे वाक्य म्हणून बघा. ‘जातोय’, ‘जातीय’, ‘चाललोय’, ‘चाललंय’ असे तोंडात आले तर गोइंग. वाक्यात ‘रोज’ किंवा ‘नेहमी’ घालता आले तर गो किंवा गोज.

ही खूण का लागते? मराठीत नुसते ‘जातो’ दोन्हीकडे चालते. दप्तर पाठीला लावून आपण “आई, शाळेत जातो गं” म्हणतो. तेव्हा आपण आत्ताचे सांगत असतो. पण वाक्याचे तोंड ‘रोज जातो’सारखेच दिसते. इंग्रजीत या दोघांची गल्लत चालत नाही. तिथे “आय ॲम गोइंग टू स्कूल” असेच म्हणावे लागते.

एसटीच्या वेळापत्रकाला मात्र साधा वर्तमानकाळ लागतो. एसटी उद्याची असली तरी. ‘उद्याची पहिली एसटी सात वाजता जाते’ — द फर्स्ट बस टुमारो गोज ॲट सेव्हन. वेळापत्रक ठरलेले असते म्हणून असे. मराठीतही आपण इथे ‘जाईल’ न म्हणता ‘जाते’ म्हणतो. दोन्ही भाषांचे जमले!

५. ‘गेला’ म्हणजे वेंट

काम झाले, वेळ संपली, आणि ती वेळ कोणती तेही ठाऊक आहे. अशा वेळी साधा भूतकाळ. काल, परवा, सोमवारी, मागच्या वर्षी, २०२० साली असे शब्द असले की डोळे मिटून वेंट घ्या.

बाबा काल बीडला गेले. — फादर वेंट टू बीड येस्टरडे.
आम्ही मागच्या वर्षी पंढरपूरला गेलो. — वी वेंट टू पंढरपूर लास्ट इयर.

एक गोष्ट चालू असताना मध्ये काही घडले तर वॉज किंवा वेअर आणि गोइंग लागते. ‘आम्ही शाळेत जात होतो तेव्हा पाऊस आला’ — वी वेअर गोइंग टू स्कूल व्हेन द रेन केम. जाणे चालू होते, पाऊस मध्येच आला.

आणखी एक सांगायचे राहिले. आपल्याकडे म्हातारे माणूस ‘गेले’ म्हटले की ते वारले असा अर्थ होतो. इंग्रजीत नुसते वेंट म्हटले तर तसे कोणी समजणार नाही. ते विचारतील, कुठे गेले? तिथे ‘डाइड’ किंवा आदराने ‘पास्ड अवे’ म्हणतात.

६. ‘गेलाय’ आणि ‘जाऊन आलाय’

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. मोठ्याने वाचा.

वेंट म्हटले तर एवढेच कळते की माणूस तेव्हा गेला. तो आता कुठे आहे ते कळत नाही. परत आला असेल, नसेलही. पण ‘गेला आहे’ म्हटले की कळते की तो अजून तिकडेच आहे. त्याची जागा आता रिकामी आहे. याला इंग्रजीत हॅव किंवा हॅज आणि पुढे गॉन लावतात. ही, शी, इट यांना हॅज. बाकीच्यांना हॅव. याचे नाव पूर्ण वर्तमानकाळ.

काम पूर्ण झाले तरी नाव वर्तमानकाळ का? कारण जाणे झालेले असले तरी त्याचा परिणाम आता आहे. माणूस आता इथे नाही. लाईट गेलीय, म्हणजे आता अंधार आहे — द लाइट्स हॅव गॉन आउट.

आता तिसरी गोष्ट. माणूस गेला आणि परत आला. आपण काय म्हणतो? ‘जाऊन आला’. यासाठी इंग्रजीत गॉन चालत नाही. तिथे ‘बीन’ लागते. ही हॅज बीन टू पुणे, म्हणजे तो पुण्याला जाऊन आलाय. ही हॅज गॉन टू पुणे, म्हणजे तो पुण्याला गेलाय, अजून आलेला नाही.

तीन वाक्ये शेजारी शेजारी ठेवा.

ती दिवाळीनंतर सांगलीला गेली. — शी वेंट टू सांगली आफ्टर दिवाळी.
ती सांगलीला गेली आहे. — शी हॅज गॉन टू सांगली.
ती सांगलीला जाऊन आली आहे. — शी हॅज बीन टू सांगली.

पहिल्या वाक्यात ती कधी गेली ते कळते. दुसऱ्यात कळते की ती आज वर्गात नाही. तिसऱ्यात कळते की ती परत आपल्या शेजारी येऊन बसली आहे.

बाई पट वाचतात. एखाद्या नावाला ‘हजर’ असे उत्तर येत नाही. कोणी पाहुणे वर्गात असले तर विचारतात, “व्हेअर इज शी?” ती कुठे आहे? आपण पटकन “शी वेंट” म्हणून टाकतो. असे म्हटले तर ऐकणाऱ्याला वाटेल की गेली, विषय संपला. पण तिचे नाव पटावर आहे. तिची जागा, तिची पुस्तके, तिचा खुंटीवरचा नंबर सगळे आहे. म्हणून आपण म्हणायचे, “शी हॅज गॉन टू सांगली.” ती गेली आहे, म्हणजे येणार आहे, असे आपण मनात धरायचे. इंग्रजीतले एवढेसे ‘हॅज’ आपल्या मैत्रिणीची जागा धरून ठेवते.

आणि कारखान्याचा पट्टा पडला, टोळ्या गावाला आल्या, की आपण त्या मुलांना विचारायचे, “व्हेअर हॅव यू बीन?” कुठे कुठे जाऊन आलात? त्यांनी सांगायचे, “वी हॅव बीन टू सांगली. वी हॅव बीन टू कर्नाटक.” आपल्यापैकी कितीतरी जणांनी सांगली बघितलेली नाही. कर्नाटक तर लांबच राहिले. तेव्हा ‘हॅव बीन’ची खरी वाक्ये तीच मुले सांगू शकतात. या धड्यात ती आपल्या पुढे आहेत, मागे नाहीत.

एक सूचना. पूर्ण वर्तमानकाळात काल, परवा, सोमवारी असे शब्द घालायचे नाहीत. मराठीत ‘तो कालच गेलाय’ चालते. इंग्रजीत ‘ही हॅज गॉन येस्टरडे’ चालत नाही. काल आले की हॅज पळते आणि वेंट येते. ही वेंट येस्टरडे.

७. ‘गेला होता’ म्हणजे नेहमी हॅड गॉन नव्हे

‘काल मी बाजारात गेलो होतो’ असे आपण सहज म्हणतो. त्याचे इंग्रजी करताना सगळ्यांना वाटते, ‘होतो’ आहे ना, मग हॅड लावा. आय हॅड गॉन टू द मार्केट येस्टरडे. पण एकटीच गोष्ट असेल तर इंग्रजीत साधे वेंट पुरते. आय वेंट टू द मार्केट येस्टरडे.

मग हॅड गॉन कधी? जेव्हा मागच्या दोन गोष्टी असतात आणि त्यातली पहिली कोणती ते सांगायचे असते. याला एसटीचे उदाहरण सगळ्यात चांगले.

आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा एसटी गेली होती. — व्हेन वी रीच्ड द स्टँड, द बस हॅड गॉन.

आधी एसटी गेली, मग आम्ही पोचलो. म्हणजे एसटी चुकली. आता हेच वाक्य वेंट घालून बघा. व्हेन वी रीच्ड द स्टँड, द बस वेंट. याचा अर्थ आम्ही पोचलो आणि त्याच वेळी एसटी गेली, असा होतो. कदाचित आम्ही हात केला असता तर थांबली असती! एका शब्दाने एवढा फरक पडतो.

लक्षात ठेवा : दोन भूतकाळ असतील तर आधीच्याला हॅड गॉन, नंतरच्याला साधा भूतकाळ. एकच असेल तर वेंट.

८. ‘जायचो’ म्हणजे यूज्ड टू गो

आजी सांगते, “आम्ही पाण्याला नदीवर जायचो.” किंवा पुस्तकात लिहितात, ‘जात असू’. पूर्वी पुन्हा पुन्हा घडायचे, आता घडत नाही. याला इंग्रजीत ‘यूज्ड टू गो’ म्हणतात. हे सगळ्यांना सारखेच लागते.

आजी नदीवर जायची. — ग्रँडमदर यूज्ड टू गो टू द रिव्हर.

यात सांगायचे मुख्य काय? की ते आता थांबले आहे. म्हणून हे वाक्य चांगल्या गोष्टीलाही लागते आणि दुःखाच्या गोष्टीलाही लागते. आमच्या वर्गात बाईंनी यूज्ड टूची वाक्ये करायला सांगितली तेव्हा टोळीबरोबर जाणाऱ्या एका मुलाने वहीत असे लिहिले : ‘माय फादर यूज्ड टू गो टू कट केन.’ बाई म्हणाल्या, “व्याकरण बरोबर आहे. पण तुझे बाबा अजून जातात ना? मग गोज पाहिजे.” तो म्हणाला, “बाई, मी मोठा झाल्यावरचं वाक्य लिहिलंय.” बाईंनी त्याला बरोबरची खूण दिली.

९. उद्याचे : ‘जाणार’ आणि ‘जाईन’

इंग्रजीत भविष्यकाळ सांगायला क्रियापदाचे वेगळे रूप नाही. मदतनीस घेऊनच काम भागवतात. पण मराठीशी त्याची जोडी चांगली जमते.

आधीच ठरवले आहे, ‘जाणार’ — ॲम, इज किंवा आर आणि पुढे गोइंग टू गो.
मी उद्या मामाच्या गावाला जाणार आहे. — आय ॲम गोइंग टू गो टू माय अंकल्स व्हिलेज टुमारो.

आत्ता बोलता बोलता ठरवले किंवा कबूल केले, ‘जाईन’ — विल गो.
“दळणाला कोण जाईल?” “मी जाईन.” — “हू विल गो टू द मिल?” “आय विल गो.”

मराठीत जाईन, जाशील, जाईल, जाऊ, जाल, जातील अशी रूपे करावी लागतात. इंग्रजीत आय विल गो, यू विल गो, दे विल गो. सगळीकडे तेच.

गोइंग टू गो म्हणायला विचित्र वाटते. दोनदा जाणे आले. म्हणून लोक बहुतेक वेळा नुसते ‘आय ॲम गोइंग टुमारो’ म्हणतात. टुमारो असल्यामुळे ते आत्ताचे नाही हे कळतेच.

१०. प्रश्न आणि ‘नाही’

इथे फार जण अडतात. मराठीत आपण म्हणतो, “तू गेलास का?” “मी गेलो नाही.” क्रियापद भूतकाळातच राहते. नुसते ‘का’ आणि ‘नाही’ जोडले की झाले. म्हणून इंग्रजीतही तोंडातून येते, ‘डिड यू वेंट?’ हे चालत नाही.

बरोबर असे : डिड यू गो? आय डिड नॉट गो.

कारण असे आहे. काळ म्हणजे पाण्याचा हंडा समजा. एक हंडा एकानेच डोक्यावर घ्यायचा असतो. वाक्यात डिड आला की भूतकाळाचा हंडा त्याने घेतला. मग गो मोकळा झाला. त्याने पुन्हा वेंट व्हायचे नाही. डजचेही तसेच. डज शी गो? शी डज नॉट गो. गोजमधला ‘ज’ डजने उचलला.

हॅज, इज, वॉज, विल असतील तर डिडची गरज नाही. त्यालाच पुढे आणा. हॅज शी गॉन? इज ही गोइंग? विल दे गो? नाही म्हणायचे तर त्याच्या मागे नॉट लावा. शी हॅज नॉट गॉन.

११. ‘येतो’ म्हणून जाणे

घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणालो की आजी रागावते. “जातो म्हणू नये, येतो म्हणावं.” आपण जातानाही ‘येतो’ म्हणतो, कारण परत यायचे असते. आणि कोणी हाक मारली की अजून उठलोही नाही तरी “आलोच!” म्हणतो. भूतकाळ वापरतो आणि यायचे पुढे असते.

याचे इंग्रजी शब्दाला शब्द लावून करायचे नाही. निघताना ‘आय कम’ म्हणाल तर कोणाला कळणार नाही. तिथे ‘आय ॲम गोइंग, आय विल कम बॅक’ म्हणा. हाकेला ‘आय केम’ असे उत्तर देऊ नका. ‘आय ॲम कमिंग’ म्हणा.

१२. सगळे एका ठिकाणी : एसटीचा तक्ता

हा तक्ता वहीत उतरून घ्या.

एसटी रोज सातला जाते. — द बस गोज ॲट सेव्हन एव्हरी डे.
एसटी जातेय. — द बस इज गोइंग.
एसटी गेलीय. — द बस हॅज गॉन.
एसटी काल सातला गेली. — द बस वेंट ॲट सेव्हन येस्टरडे.
एसटी जात होती. — द बस वॉज गोइंग.
आम्ही आलो तेव्हा एसटी गेली होती. — द बस हॅड गॉन व्हेन वी केम.
पूर्वी एसटी दुपारी जायची. — द बस यूज्ड टू गो इन द आफ्टरनून.
एसटी जाईल. — द बस विल गो.
एसटी जाणार आहे. — द बस इज गोइंग टू गो.

इंग्रजी व्याकरणात एकूण बारा काळ मोजतात. वर्तमान, भूत, भविष्य असे तीन, आणि प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण, चालू पूर्ण असे चार प्रकार. तीन चोक बारा. त्यातले जे रोज लागतात तेवढेच मी वर घेतले. उरलेले वरच्या वर्गात येतील.

१३. सराव

कंसातले रूप निवडा. आई-बाबांनीही करून बघावे.

१. माय सिस्टर (गो / गोज) टू स्कूल एव्हरी डे.
२. लुक! द गोट्स (गो / आर गोइंग) टू द हिल.
३. वी (वेंट / हॅव गॉन) टू बीड येस्टरडे.
४. दादा घरी नाही, तो शेतात गेलाय. ही (हॅज गॉन / हॅज बीन) टू द फार्म.
५. आत्या पंढरपूरला जाऊन आली. शी (हॅज गॉन / हॅज बीन) टू पंढरपूर.
६. डिड यू (गो / वेंट) टू द मार्केट?
७. व्हेन वी रीच्ड स्कूल, द बेल (हॅड गॉन / हॅज गॉन).

सातव्यात ‘द बेल हॅड गॉन’ म्हणजे घंटा झाली होती. इंग्रजीत घंटेलाही गो लावतात!

उत्तरे : १. गोज. २. आर गोइंग. ३. वेंट. ४. हॅज गॉन. ५. हॅज बीन. ६. गो. ७. हॅड गॉन.

सातपैकी पाच आली तरी चांगले. सातही आली तर पुढच्या महिन्यात ‘कम, केम, कम’ हे क्रियापद तुम्ही लिहायला घ्या. टोळ्या परत येईपर्यंत आपल्याला ते लागणार आहे.